हजेरीचा कागद आणि पारखलेला कागद

जेवणं आटोपून ऐकायला बसला असाल तर आधी एक काम करा. कपाटातली नाहीतर पेटीतली सर्टिफिकेटांची फाईल काढा आणि मांडीवर घ्या. पापड-लोणच्याच्या प्रशिक्षणाचं, शेळीपालनाचं, दप्तर लेखनाचं, जे जे असेल ते. आमचं बोलणं संपेपर्यंत ती फाईल समोर राहू द्या.

आम्ही बोलतोय ते साताऱ्याच्या आणि सांगलीच्या बाजूला गटांचं दप्तर लिहिणाऱ्या काही जणी. इतिवृत्त, किर्द, खतावणी, बचत-कर्जाची वही, सभासदांची पासबुकं, आणि आता मोबाईलवर लोकॉसमध्ये नोंदी. गटात बाई दहावी असो नाहीतर सातवी, जिचं अक्षर बरं तिच्या गळ्यात दप्तर पडतं. आमच्याही तसंच पडलं.

आमच्यातली एक जण चौदा वर्षं दप्तर लिहिते. आधी एका गटाचं, मग तीन गटांचं, आता ग्रामसंघाचं. तिच्या किर्दीत ताळेबंदाला रुपयाचा फरक आलेला आम्ही पाहिला नाही. गेल्या वर्षी जवळच्या एका संस्थेत लिखाणाच्या कामाला माणूस हवं होतं. ती गेली. फाईलमध्ये सात प्रमाणपत्रं होती, सगळी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून नीट लावलेली. समोरच्या साहेबांनी एकेक पान उलटलं आणि विचारलं, "ताई, यातलं परीक्षा देऊन मिळालेलं कुठलं?"

ती गप्प बसली. सातपैकी एकही तसं नव्हतं. काम मिळालं ते एमएस-सीआयटी आणि टायपिंग झालेल्या एका मुलीला. तिनं किर्द कधी लिहिली नव्हती, हे तिनं स्वतःच आमच्या बाईला बाहेर बाकावर बसल्यावर सांगितलं होतं. मुलीचं त्यात काही चुकलं नाही आणि साहेब खोटं बोलले असंही नाही. पण बाई घरी आली आणि आम्हाला म्हणाली, "मग चौदा वर्षं मी काय केलं गं?" त्या प्रश्नावर आम्ही सगळ्या बसलो. त्यातून जे कळलं ते आज सांगतोय.

मोटार ड्रायव्हिंग स्कूलचं उदाहरण घ्या, लगेच उलगडेल. स्कूलवाला महिनाभर शिकवतो आणि शेवटी एक सर्टिफिकेट देतो. ते तुम्ही शिकायला गेला होता याचं. ते दाखवून रस्त्यावर गाडी चालवता येत नाही. त्यासाठी आरटीओत चाचणी द्यावी लागते आणि लायसन आरटीओ देतं. शिकवणारा वेगळा आणि पारखणारा वेगळा. लायसनची मुदत संपली की ते पुन्हा करून घ्यावं लागतं, आणि गुन्हा केला तर जप्तही होतं. वकिलाचंही तसंच. कायद्याची पदवी कॉलेजातून मिळते, पण वकिली करायची सनद बार कौन्सिल देतं. उपकेंद्रातल्या नर्सताईंनाही नुसता कोर्स करून चालत नाही, परिचर्या परिषदेत नोंद असावी लागते.

तर कागद दोन जातीचे. एक हजेरीचा, म्हणजे अमक्या तारखेपासून अमक्या तारखेपर्यंत ही बाई बसली, ऐकलं, चहा घेतला. दुसरा पारखलेला. ज्यानं शिकवलं नाही अशा तिसऱ्यानं परीक्षा घेतली, कोण पास कोण नापास ठरवलं आणि स्वतःच्या नावावर लिहून दिलं. दोन्हीवर प्रमाणपत्र हाच शब्द छापलेला असतो, दोन्हीला गोल शिक्का असतो, आणि दोन्ही सारखीच जाड असतात. त्यातच आपली फसगत होते.

हजेरीचा कागद फुकट आहे, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. दप्तर लेखनाच्या प्रशिक्षणाला पहिल्यांदा गेलो तेव्हा जमा कुठल्या बाजूला आणि नावे कुठल्या बाजूला, हे आम्हाला कळत नव्हतं. व्हाउचर म्हणजे काय ते तिथंच पहिल्यांदा बघितलं. पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड या चार गोष्टी सगळ्या बायका करतात, पाचवी म्हणजे दप्तर ती लिहिणारीच्या जिवावर. ते लिहायला शिकवलं त्या ताईंचे उपकार आहेतच. फक्त त्या तीन दिवसांत आम्ही शिकलो, असं कुणी तपासून लिहून दिलेलं नाही. कागदावर 'उपस्थित राहिल्याबद्दल' असं स्पष्ट छापलेलं आहे. आम्ही ते वाचलंच नव्हतं. फाईल मांडीवर आहे ना? बघा तुमच्या कागदावर कुठला शब्द आहे, 'उपस्थित' का 'सहभागी' का 'उत्तीर्ण'.

आता जरा कडू बोलायचं आहे. त्या मुलाखतीनंतर आमच्यापैकी अकरा जणींनी चूक केली. एक क्लासवाला गावात आला. 'ऑफिस आणि रेकॉर्ड मॅनेजमेंट डिप्लोमा', तीन महिने, अठराशे रुपये. बोर्डावर 'भारत सरकार नोंदणीकृत' आणि 'आयएसओ प्रमाणित'. आम्ही गटातून उचल घेतली. अकरा जणींचे एकोणीस हजार आठशे रुपये झाले. तीन महिन्यांत वर्ग भरले नऊ. शेवटी सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र मिळालं, आमच्या सगळ्या सर्टिफिकेटांत देखणं तेच. ते घेऊन एका कार्यालयात गेलो तर तिथल्या बाईंनी विचारलं, "याला मान्यता कुणाची?" आम्ही बोट ठेवून दाखवलं, भारत सरकार.

त्या बाईंनी समजावून सांगितलं ते तुम्हीही ध्यानात धरा. 'नोंदणीकृत' म्हणजे त्या माणसानं आपली कंपनी नाहीतर ट्रस्ट सरकारदरबारी नोंदवला आहे. किराणा दुकानही नोंदवलेलं असतं. त्याचा अर्थ त्याच्या अभ्यासक्रमाला 'मान्यता' आहे असा होत नाही. आणि आयएसओ म्हणजे संस्थेच्या कामाची पद्धत ठरलेली आहे का, त्याबद्दल बाहेरच्या कुणीतरी दिलेला दाखला. आपल्याकडं काही ग्रामपंचायतींवरही आयएसओची पाटी असते, म्हणून तिथल्या उताऱ्याला जास्त किंमत येते का? तशी ती क्लासच्या सर्टिफिकेटालाही येत नाही. अठराशे रुपयांत आम्ही हे दोन शब्द शिकलो. उचल फेडायला आठ महिने लागले.

मग पारखलेले कागद कुठले, जे आपल्यासारखीला घेता येतात? आम्ही चौकशी केली ती सांगतो.

सगळ्यात ओळखीचं एमएस-सीआयटी. २००१ पासून महाराष्ट्रात चालतं. शिकवणारं केंद्र तालुक्याचं असतं, पण कागद तंत्रशिक्षण मंडळाचा असतो. सरकारी नोकरीत संगणकाचं ज्ञान मागतात तिथं तो किंवा केंद्र सरकारच्या संस्थेची 'सीसीसी' परीक्षा धरली जाते. टायपिंगचंही तसंच, इन्स्टिट्यूट कुठलीही असो, परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची, मराठी मिनिटाला ३० शब्द आणि इंग्रजी ४०. त्या मुलीकडं हे दोन कागद होते. आता नीट बघा, यातल्या एकानंही तिला दप्तर ठेवता येतं असं सिद्ध होत नाही. पण कुणीतरी त्रयस्थानं तिला पारखलं आहे एवढं सिद्ध होतं, आणि माणूस घेणाऱ्याला बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

आपल्या कामाच्या जास्त जवळचा कागद म्हणजे बीसी सखीचा. गावात बसून बँकेचे व्यवहार करायचे, पैसे काढून द्यायचे, खाती उघडायची. यात दोन्ही जातींचे कागद एकापाठोपाठ येतात, म्हणून हे उदाहरण आम्हाला फार आवडतं. आधी आरसेटीत प्रशिक्षण, ते मोफत, राहणं-जेवणं तिथंच. आरसेटी जवळपास प्रत्येक जिल्ह्यात आहे, आपल्या दोन्ही जिल्ह्यांतही. पण प्रशिक्षणावर भागत नाही. पुढं इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स या संस्थेची परीक्षा असते. ही संस्था १९२८ सालची, बँकेतले साहेबलोक बढतीसाठी जिच्या परीक्षा देतात तीच. बीसीची परीक्षा मराठीतूनही देता येते. संगणकावर प्रश्न येतात, बरोबर उत्तरावर बोट दाबायचं. आमच्यातल्या दोघींनी दिली. एक पहिल्या खेपेला पास, दुसरी नापास झाली आणि पुन्हा बसली. नापास होता येतं, म्हणून तर पास होण्याला किंमत आहे. आमच्या त्या सोनेरी डिप्लोम्यात अकराच्या अकरा पास होत्या, आणि वर्गाला कधीच न आलेली एक बाईसुद्धा.

खरी सनदेच्या तोडीची परीक्षा आपल्या भागात एकच, जीडीसी अँड ए. सहकार खात्याची, दरवर्षी होते. हिशेब, लेखापरीक्षण, सहकाराचा कायदा. पदवी लागते. पास झाल्यावर पुरेसा अनुभव असेल तर सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षकांच्या नामतालिकेवर नाव लागू शकतं. सातारा-सांगलीत पतसंस्था, सोसायट्या, दूधसंस्था, साखर कारखाने किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको, आणि त्यांचं दरवर्षी ऑडिट व्हावंच लागतं. शिक्षण, मग परीक्षा, मग अनुभव, मग यादीत नाव आणि चूक केली तर जबाबदारी. हा पल्ला लांबचा आहे. आमच्यातल्या एकीची लेक बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, ती बसणार आहे. आम्ही नाही बसू शकत, आणि त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोला.

दप्तर सांभाळणं हा स्वतंत्र पेशा आहे आणि त्याची सनद असावी, असं जगात काही ठिकाणी मानतात. अमेरिकेत १९७५ साली दप्तर-व्यवस्थापकांची एक संस्था निघाली. आपलं माविमसुद्धा त्याच वर्षीचं. त्या संस्थेच्या परीक्षेला बसण्याआधी कामाचा अनुभव दाखवावा लागतो. परीक्षा सहा भागांची. आणि पास झालं म्हणजे जन्मभराचं झालं असं नाही, दर पाच वर्षांत शंभर तास नवं काही शिकल्याचं दाखवलं नाही तर नावापुढची अक्षरं जातात. आमच्या थोरल्या वहिनी हे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे कागदालासुद्धा बचतीसारखा दर महिन्याचा हप्ता भरायचा." तसंच आहे.

आपल्याकडं दप्तराचं ज्ञान नवीन आहे असं समजू नका. साताऱ्याला छत्रपतींचं दप्तर होतं, पुण्याला पेशव्यांचं, कापडाच्या रुमालात बांधलेलं. आजही सरकारी कार्यालयात कागदांचे वर्ग पाडतात. अ वर्ग कायमचा, ब वर्ग ३० वर्षं, क वर्ग १० वर्षं, क-१ पाच वर्षं, ड वर्ग एक वर्ष. कुठला कागद किती दिवस ठेवायचा आणि कुठला काढून टाकायचा, हे ठरवणं म्हणजेच दप्तरदारी. राज्यात सार्वजनिक अभिलेखांचा २००५ चा कायदाही आहे.

आणि हजेरी अन् पारख यातलं अंतर सगळ्या राज्याला एकदा दिसलं ते २०२३ साली. कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली आणि पुढं तिचं काम राज्यभर झालं. जुनी रजिस्टरं खाली उतरली, तर त्यातली कितीतरी मोडीत. मोडी येतं म्हणणारे पुष्कळ असतात. वर्गाला जाऊन बाराखडी गिरवलेली असते. पण शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनानं घाईत, हात न उचलता लिहिलेली ओळ वाचणं वेगळं, आणि तेही असं वाचणं की त्यावर एखाद्या घराचा दाखला ठरणार आहे. तिथं बाराखडीचं सर्टिफिकेट कामाला येत नाही. आपल्या भागात तर आणखी एक गंमत. सांगली जिल्हा १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला, सांगली हे नाव १९६० ला मिळालं. त्यामुळं वाळवा, तासगावकडच्या जुन्या कागदावर 'जिल्हा सातारा' दिसलं तर कागद चुकीचा आहे म्हणून परत करू नका. हे माहीत असणं हीसुद्धा दप्तराचीच विद्या.

आता आमच्या बाईच्या प्रश्नाकडं येऊ, चौदा वर्षं काय केलं. गटाचं दप्तर लिहिणारीला पारखून सनद देईल अशी परीक्षा आमच्या चौकशीत सापडली नाही. कौशल्य विकास योजनेत 'पूर्वज्ञानाची मान्यता' म्हणून एक सोय आहे. आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात, आणि परीक्षा घेणारा प्रशिक्षणवाल्याहून वेगळा असतो. आपल्या कामाच्या जवळचं काही त्यात निघालं आहे का, ते तालुक्याला उमेदच्या किंवा माविमच्या कार्यालयात विचारत राहा. पण तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही, असं आम्ही ठरवलं आणि आपलं आपण एक केलं.

अनुभवाचा दाखला. साधा वाटतो, पण आम्ही तो नीट बनवला. 'अमुक ताई चांगलं काम करतात' असला नाही. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, किती गटांचं, कुठल्या कुठल्या वह्या लिहिल्या, बँकेचं कर्ज किती वेळा मिळालं आणि फिटलं, लेखापरीक्षणात काय शेरा आला. ग्रामसंघाच्या लेटरहेडवर, अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सह्या, वर जावक क्रमांक. आणि त्या क्रमांकाची नोंद जावक रजिस्टरला आहेच, कुणीही येऊन ताडून बघावं. सोबत ऑडिटच्या शेऱ्याची झेरॉक्स आणि किर्दीच्या दोन पानांची झेरॉक्स, सभासदांची नावं झाकून. नावं झाकायची हे विसरू नका. दुसऱ्या बाईनं किती कर्ज काढलं ते मुलाखतीत दाखवायची वस्तू नव्हे.

आणि एक पान २०१९ च्या महापुराचं जोडलं. ऑगस्टात कृष्णेचं पाणी घराघरात शिरलं तेव्हा आमच्या नदीकाठच्या मैत्रिणींच्या गटांची किती दप्तरं गेली. वह्यांचा लगदा झाला. कुणाची किती बचत, कुणाकडं किती बाकी, सगळं तोंडी. तोंडी हिशेबावरनं सख्ख्या जावा वर्षभर बोलल्या नाहीत एकमेकींशी. आमच्या या बाईनं पाणी चढायला लागल्यावर सगळी रजिस्टरं दुधाच्या कॅनमध्ये घातली, झाकण घट्ट बसवलं आणि कॅन माळ्यावर चढवला. भांडी खालीच राहिली म्हणून सासूबाई रागावल्या. पंधरवड्यानं बैठक झाली ती त्याच वह्यांवर. त्या पुढच्या पहिल्या बैठकीचं इतिवृत्त तिनं दाखल्याला जोडलं आहे. पानाच्या कडेला चिखलाचा डाग आहे, तो झेरॉक्समध्येही आला.

तर ही नवी फाईल अशी झाली. वर पारखलेले कागद, असतील तेवढे. खाली अनुभवाचा दाखला आणि त्याचे पुरावे. सगळ्यात शेवटी हजेरीचे. सोनेरी किनारीचा काढून टाकला.

तिच्या बाबतीत वरची जागा अजून रिकामी आहे. ती नववी पास. बीसी सखीला बहुतेक ठिकाणी दहावी मागतात. म्हणून यंदा तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरायचं ठरवलं आहे, म्हणजे बाहेरून दहावी. तारखा दरवर्षी बदलतात, शाळेत विचारून ठेवायच्या. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. ती माहेरच्या शाळेत गेली, सत्तावीस वर्षांनी. तिथल्या क्लार्कनं साल विचारलं, जनरल रजिस्टर काढलं आणि वीस मिनिटांत तिचं नाव काढून दिलं. रजिस्टरला खाकी पुठ्ठा, पाठीवर साल लिहिलेलं, एकही पान सुटलेलं नाही. ती आम्हाला दाखल्याचं सांगायच्या आधी त्या रजिस्टरचंच सांगत बसली.

दाखल्यावर माहेरचं नाव आहे आणि आधारवर सासरचं. ते जुळवायला लग्नाच्या नोंदणीचा दाखला हवा, आणि लग्नाची नोंद त्यांनी तेव्हा केलीच नव्हती. तो कागद काढायला ती या सोमवारी ग्रामपंचायतीत जाणार आहे, आम्ही दोघी सोबत जाऊ. तुमच्यापैकी ज्यांनी लग्नाची नोंद केलेली नाही, त्यांनीही आपापल्या ग्रामपंचायतीत विचारून घ्या.